गुंडीला बोलतं करण्याचे पंधरा दिवस

शिंप्याने दिलेली तारीख कधी खरी होत नाही, असं लोक म्हणतात. म्हणू देत! छत्तीस वर्षं मी कात्री चालवतोय आणि माझ्या दुकानातला एकही कपडा सांगितलेल्या तारखेच्या पुढे आठ दिवसांहून जास्त लांबलेला नाही. बरं, दहा म्हणा. त्यामुळे लेकीने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "बाबा, हिचं काय करायचं?" तेव्हा मी टेप गळ्यात टाकला आणि सांगून मोकळा झालो, "पंधरा दिवस दे मला. घडाघडा बोलती करून हातात देतो."

हिचं म्हणजे माझ्या नातीचं. वय अडीच वर्षं. नाव चांगलं चार अक्षरी ठेवलंय, पण शिंप्याच्या घरात जन्मली आणि दिसायला गोल गरगरीत, म्हणून सगळे तिला गुंडीच म्हणतात. तर ही गुंडी बोलत नव्हती. थोडंसं नाही, बोबडं नाही, एक अक्षर नाही. कान ठणठणीत होते, ते तपासून झाले होते. डोकं तर असं की विचारू नका! मशीनवरचा निळा दोरा संपत आला की मी उठायच्या आत दुसरं निळं रीळ माझ्या मांडीवर यायचं. आणि नेमकं त्याच निळ्यातलं. माझ्या गिऱ्हाइकांना निळा आणि जांभळा कळत नाही, त्यांच्यापेक्षा पोरगी बरी! बटणांच्या डब्यातून दोन भोकांची वेगळी आणि चार भोकांची वेगळी काढून ठेवायची. एकदा एक गृहस्थ दुसऱ्याच्या चपला घालून निघाले, तर ही दारात आडवी उभी राहिली आणि त्यांच्या पायांकडे बोट दाखवत राहिली. विचार आत सगळा शिवून, इस्त्री करून तयार होता. डिलिव्हरी तेवढी मिळत नव्हती.

लेक नोकरीला जाते, जावई फिरतीवर असतात, म्हणून गुंडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या दुकानात. मुलांच्या डॉक्टरांनी लेकीला विचारलं की मूल दिवसभर असतं कोणाजवळ? तिने सांगितलं, आजोबांजवळ. आजोबा बोलतात का तिच्याशी, असं त्यांनी विचारल्यावर मात्र लेकीची बोलती बंद झाली. कारण आजोबांच्या तोंडात टाचण्या असतात.

हे जरा उलगडून सांगतो. कपडा अंगावर बेतताना हात दोन्ही गुंतलेले असतात, म्हणून आम्ही टाचण्या ओठांत धरतो. मी सकाळी नऊला दहा-बारा टाचण्या ओठांत धरल्या की जेवायलाच काढायचो. गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे "हं" आणि "हं हं", बस्स. आमची ही गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरीही टाचण्यांची गरज उरली नाही, बोलणं आपोआपच बंद झालं. धंद्याला मात्र त्याने बरकतच आली! शिंप्यासमोर माणूस खरा उभा असतो. कोणाचं पोट किती सुटलंय, कोणाचा खांदा पडलाय, कोणी श्वास रोखून धरलाय, सगळं टेपला कळतं. आणि माझ्या दुकानातलं माप देवालाही कळत नाही, अशी माझी ख्याती. लोक लांबून यायचे ते त्यासाठीच.

डॉक्टरांनी लेकीला सांगितलं की भाषा काही मूल पोटातून घेऊन येत नाही. ती आधी कानातून आत जाते, तिथे मुरते आणि मग तोंडावाटे बाहेर येते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा तिच्याशी बोला, हातात जे काम असेल ते बोलून दाखवा. आणि पंधरा दिवसांनी मुलांचं बोलणं तपासणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना दाखवा.

हे सगळं मला सांगून झाल्यावर लेकीने पर्स मांडीवर घेतली. मग खाली बघत म्हणाली, "तोवर काही फरक पडला नाही तर मी तिला पाळणाघरात घालते, बाबा. तिथे चार पोरं तरी बोलणारी असतील. राग नाही हो माझा तुमच्यावर."

राग असता तर परवडलं असतं. खरं सांगू? गुंडी गेली तर दुकानात राहतं काय? मशीन आणि मी. तिने दोरा आणून दिल्याशिवाय मला हल्ली सुई ओवावीशी वाटत नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण असलं काही बापाने लेकीला सांगायचं नसतं, म्हणून मी ती पंधरा दिवसांची बढाई मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचण्या तोंडातून काढल्या आणि गादीच्या तुकड्याला टोचून ठेवल्या. घसा खाकरला. गुंडी बटणांचा डबा घेऊन समोर बसली होती. मी म्हणालो, "गुंडी, हे आजोबा." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हे तुम्हाला आज कळलं का?

पहिला दिवस फार जड गेला. आता आजोबा कापड उलगडतात, आता खडू घेतात, आता खडू हरवला, आता खडू शोधतात, आता खडू कानावर सापडला. संध्याकाळपर्यंत जबडा दुखायला लागला. आणि एक गोष्ट लक्षात आली, ती कोणाला सांगू नका. मला आजवर वाटायचं की मी गप्प असतो म्हणजे खोल विचारात असतो. बोलून दाखवायला लागल्यावर कळलं की त्यातले बारा आणे विचार "चहा अजून आला नाही" एवढेच असतात! पण मी चिकाटी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी जीभ जरा सैल झाली, चौथ्या दिवशी तोंडाचा पट्टा सुरू झाला तो झालाच. मधूनच गुंडी मान वर करून तोंड उघडायची. मला वाटायचं, पोरगी कंटाळली, जांभई देतेय. मग मी आणखी रंगवून सांगायचो.

पाचव्या दिवशी पहिला घोटाळा झाला. वकीलसाहेबांचा काळा कोट बेतायचा होता. बाही मी डोळे मिटून बेततो. पण कशी बेततो, हे छत्तीस वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. हात जायचा आणि बाही व्हायची. आता गुंडीला सांगायचं म्हणून मी म्हणालो, "आता कात्री आधी..." आणि थांबलो. आधी काय? इकडून की तिकडून? हाताला पक्कं माहीत होतं, पण तोंडाला कळवलेलं नव्हतं! मी शब्द शोधत बसलो आणि तेवढ्यात हातही विसरला. शेवटी तोंडाने जे सांगितलं तसं मी कापलं. गुंडी दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून कितीतरी वेळ बघत होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सातव्या दिवशी वकीलसाहेब ट्रायलला आले. एक हात सरळ गेला. दुसरा हात बाहीत घातल्यावर मागे वळायला लागला, कोणीतरी पाठीमागून धरून नेत असल्यासारखा. दोन्ही बाह्या डाव्या! मी मनातल्या मनात म्हणालो, गुंडी, घात झाला बघ. पण मनातल्या मनात म्हणायची सवय आता राहिली होती कुठे? ते मोठ्याने म्हणालो आणि पुढचंही तसंच म्हणत गेलो. "बाही आजोबांची चुकली, मान्य. पण पोट कोणाचं चुकलं? मागच्या वर्षी कंबर अडतीस होती, आता बेचाळीस आहे. आणि हे म्हणतात, मागचा कोट धुऊन आटला. कोट नसतो गं आटत. माणूस फुगतो."

वकीलसाहेबांनी श्वास ओढून पोट आत घेतलं. मग मागच्या बाकावरून खुदकन हसू आलं. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आपलं जॅकेट न्यायला आल्या होत्या. त्यांना हसताना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि हा विचार डोक्यात आला तसाच तोंडातून बाहेर पडला. त्याच्या पाठोपाठ दुसराही पडला, की ज्यांचं जॅकेट आपण दोन वर्षांत तीनदा शिवण सोडून सैल केलं त्यांनी तरी हसू नये.

वकीलसाहेब एक हात कोटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत निघून गेले. मुख्याध्यापिका बाईंनी जॅकेट घडी न घालता पिशवीत कोंबलं. मी गुंडीला म्हटलं, "गेले बघ दोघं. बरोबर गेले. आपणही गेलो असतो."

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. मीही थांबायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण आठ दिवस जे जे डोक्यात आलं ते ते बाहेर काढल्यावर आत काही ठेवायला जागाच उरली नव्हती. गप्प बसून विचार करायला गेलं की डोकं कोरं पडायचं. बोलायला लागलं की पुन्हा विचार सुरू! नळ आणि पाणी यांतलं आधी काय येतं, तेच मला कळेनासं झालं. शिवाय गुंडीचे सात दिवस उरले होते. टाचण्या पुन्हा तोंडात धरायच्या आणि पोरगी पाळणाघरात पाठवायची? छे! गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात.

नवव्या दिवशी नवरदेव आला. लग्न चार दिवसांवर. त्याचा डावा खांदा जरा उतरता आहे, म्हणून त्याने आधी एकटं येऊन मला हळूच सांगितलं होतं की आत कापूस भरा आणि हे कोणाला कळू देऊ नका. मी नेहमीसारखं "हं" म्हणालो होतो. आता ट्रायलला तो होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन आला. सासरे खुर्चीत पेपर वाचत बसले. मी कोट चढवला, खांद्यावरून हात फिरवला आणि सुरू झालो. "बघ गुंडी, हा खांदा खाली, हा वर. म्हणून आपण डावीकडे दोन बोटं कापूस भरलाय. थोडा छातीतही घातलाय. पण हे कोणालाही सांगायचं नाही, तसं आपलं ठरलंय."

पेपर हळूच खाली आला. सासऱ्यांनी थंड आवाजात विचारलं, "आणखी काय काय भरलंय?"

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण एका हातात खडू होता, दुसऱ्यात टेप. मधल्या फटीतून बाहेर पडायचं ते पडलंच. "बघ, विचारतंय कोण! यांच्याच बुटांत दीड इंचाची चोरटी टाच आहे, ती झाकायला आपण यांच्या पँटी लांब ठेवतो."

नवरदेवाने सासऱ्यांच्या बुटांकडे पाहिलं. सासऱ्यांनी जावयाच्या खांद्याकडे पाहिलं. गुंडी माझ्याकडे बघत होती. लग्न मोडलं, दुकान बुडालं आणि पोरगी मुकीची मुकीच राहिली, एवढं सगळं मला दोन सेकंदांत दिसलं, आणि अर्थात मी ते बोलूनही दाखवलं.

सासऱ्यांनी विचारलं, खांद्याचं मुलीला माहीत आहे का? नवरदेव म्हणाला की कापूस भरायची कल्पना तिचीच. सासऱ्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मग ठीक आहे. माझ्या टाचेचं मात्र तिच्या आईला माहीत नाही." नवरदेवाने तिथल्या तिथे त्यांना वचन दिलं. त्यांनीही त्याला दिलं. सासरे-जावई एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मग दोघं मिळून मला जे काही बोलले ते गुंडीला ऐकू जाऊ नये म्हणून मी तिचे कान झाकले. तेवढ्यापुरती भाषा तिच्या कानात गेली नाही तरी चालणार होतं!

लग्न टिकलं, पण माझी ख्याती गेली. दहाव्या दिवसापासून दुकानात पाऊल टाकायला कोणी तयार होईना. लोक जुना शर्ट दारातूनच टाकायचे, "याच मापाचा शिवा" म्हणायचे आणि पळायचे. याउलट ज्यांना काही शिवायचं नाही ते येऊन बसायला लागले. समोरच्या न्हाव्याने तर स्वतःचं दुकान सोडून आमच्या पायरीवर स्टूल टाकलं. तो म्हणाला की बोलण्यावर त्याचा अर्धा धंदा चालतो, पण इतकं सलग त्याला आयुष्यात जमलेलं नाही. जो कोणी रस्त्याने जाई त्याच्याकडे बघून तो मला विचारी, "आणि ह्यांचं माप?" मी सांगायचो. काय करू? विचारलं की डोक्यात येतं, आणि आलं की बाहेर पडतं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी लेक आली. तिच्या ऑफिसात मुख्याध्यापिका बाईंची भाची आहे, त्यामुळे सगळं तिला कळलं होतं. तरी तिने फक्त विचारलं, "काही म्हणाली का?" मी सांगितलं, अजून नाही, पण आत साठतंय, आता फुटेलच बांध. लेकीने मान हलवली. पर्समधून रुमाल काढताना पाळणाघराचा फॉर्म दिसला. भरलेला होता, सहीसकट. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की उरलेले दोन दिवस मी चहासाठीसुद्धा थांबलो नाही. कापड, दोरा, इस्त्री, रस्ता, रस्त्यावरची सायकल, सायकलवरचा माणूस, त्याची उसवलेली बाही, सगळं गुंडीच्या कानात ओतत राहिलो. अति तेथे माती, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं.

पंधराव्या दिवशी सकाळी लेक गुंडीला घेऊन आली, मी "गुंडी" म्हणायला गेलो आणि तोंडातून नुसती हवा आली. फुस्स! घसा पार बसला होता. गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या, लेकीने आणलेल्या गोळ्या झाल्या. काही उपयोग नाही. शेवटच्या दिवशीच मशीन बंद पडलं. बोलणं तपासणाऱ्या त्या बाईंकडे जाताना रिक्षात मी बाहेर बघत बसलो. कितीतरी गोष्टी दिसत होत्या आणि एकही सांगता येत नव्हती. गुंडी माझ्या मांडीवर बसून माझ्याच तोंडाकडे टक लावून बघत होती.

बाईंची खोली छोटी, खुर्च्या त्याहून छोट्या. मी एका लाल खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. बाई स्वतः जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी लेकीला पाच-सहा प्रश्न विचारले, लिहून घेतले, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुकानात दिवसभर काय काय चालतं, सांगा बरं."

मी तोंड उघडलं. हवा. लेक माझ्यासाठी सांगायला पुढे सरसावली, पण बाईंनी हाताने तिला थांबवलं. पंधरा दिवसांत एवढी शांतता माझ्या कानांनी ऐकली नव्हती. माझ्या मनात आलं, संपलं. उद्यापासून दोरा आपला आपणच शोधायचा.

गुंडीने माझ्याकडे पाहिलं. थोडं थांबली. परत पाहिलं. मग उठून माझ्याजवळ आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून माझ्या उघड्या तोंडात वाकून बघितलं. आत काही शिल्लक नाही याची खात्री झाल्यासारखी ती बाईंकडे वळली.

बाईंनी अगदी सहज विचारलं, "तू कुठे असतेस गं दिवसभर?"

"दुकानात," गुंडी म्हणाली.

लेकीच्या हातातली पर्स खाली पडली. माझी खुर्ची कलंडता कलंडता राहिली. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्यांनी विचारलं, "मग दुकानात काय करता?"

"आजोबा बोलतात. मी ऐकते."

स्वच्छ! बोबडं नाही, अडखळणं नाही. लेकीने तोंडावर हात धरला होता, ती हसत होती की रडत होती देव जाणे.

"आणि तू कधी बोलतेस?"

गुंडीने जरा विचार केला. तो विचार मला दिसला, शब्दांच्या आधी. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तक्रार म्हणून नाही, आपली एक माहिती म्हणून तिने सांगितलं, "आजोबांचं झालं की."

पुढचं सगळं बाईंनी लेकीला समजावून सांगितलं. मूल ऐकून शिकतं हे खरंच, पण ऐकवणारा मधूनमधून थांबला तर! आधी तिला बोलायला समोर कोणी नव्हतं, नंतर बोलायला जागा नव्हती. मग त्यांनी एक कागद घेतला आणि त्यावर इलाज लिहिला. एक वाक्य बोलायचं, की दहापर्यंत मोजायचं, तेही मनात. पेशंटचं नाव काय घालू, असं त्यांनी विचारलं तेव्हा लेकीने माझं सांगितलं.

आणि लेक गुंडीला कडेवर घेत मला म्हणाली, "उद्या नेहमीच्या वेळी दुकानात सोडते हिला, बाबा."

मला खूप बोलायचं होतं. लेकीला, बाईंना, पोरीला, सगळ्यांनाच काहीबाही सांगायचं होतं. घशातही जरा धुगधुगी आल्यासारखी वाटली. मी तोंड उघडलं. बाई, लेक आणि गुंडी, तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी ते मिटलं आणि मोजायला लागलो.